गाडी तीच, बॅटरी तीच, मग ४६५ चे ३९० कसे झाले?

टाटाची इलेक्ट्रिक गाडी नेक्सॉन ईव्ही बघायला शोरूममध्ये गेलात की पहिला प्रश्न येतो, छोटी बॅटरी की मोठी, आणि पाठोपाठ रेंजचा, म्हणजे एका फुल चार्जवर किती किमी, तो आकडा येतो. हा आकडा येतो कुठून ते एकदा बघून घ्या, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

२०२० च्या जानेवारीत गाडी आली तेव्हा बॅटरी ३०.२ किलोवॅट-अवरची होती, म्हणजे आपल्या लाइटबिलातले ३०.२ युनिट, आणि दावा ३१२ किमीचा. मे २०२२ मध्ये मोठ्या बॅटरीची मॅक्स आली, ४०.५ युनिट, ४३७ किमी. आता गंमत बघा, जानेवारी २०२३ मध्ये त्याच मॅक्सचे ४५३ झाले, आणि जुन्या मालकांना पण हे फुकट मिळालं कारण बदल सॉफ्टवेअरचा होता. सप्टेंबर २०२३ च्या नव्या मॉडेलला लाँग रेंज नाव दिलं, बॅटरी ४०.५ चीच, आकडा ४६५. मग टेस्टचा नियम बदलला आणि तीच गाडी ३९० वर आली, छोट्या बॅटरीवाली ३२५ वरून २७५ वर. बॅटरीतलं एक युनिट पण कमी झालेलं नाही बरं का.

झालं असं की ही टेस्ट रस्त्यावर होतच नाही, गाडी रोलरवर उभी करतात आणि ठरलेल्या टाइमटेबलप्रमाणे पळवतात, इतके सेकंद थांब, इतका स्पीड घे, परत ब्रेक. आधी यातला फक्त शहरी भाग धरायचे, ज्यात स्पीड ५० च्या वर जातच नाही. आता दुसरा भाग पण धरावा लागतो, त्यात गाडी ९० पर्यंत जाते. आणि ईव्हीचं गणित पेट्रोल गाडीच्या बरोबर उलटं आहे, सिग्नलला थांबली तर मोटर काही खात नाही, ब्रेक मारला तर थोडी वीज बॅटरीत परत जाते, म्हणून शहरात ती खूश असते. स्पीड वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० चे १०० केलेत की तो दीडपटीच्या पुढे जातो, आणि हायवेला सारखा ब्रेक नसल्यामुळे परत मिळत पण काही नाही.

ह्युंदाईच्या कोना इलेक्ट्रिकचं बघा, ३९.२ युनिटची बॅटरी, आपल्याकडच्या टेस्टमध्ये ४५२ किमी, तीच बॅटरी युरोपातल्या डब्ल्यूएलटीपी टेस्टमध्ये ३०० च्या आसपास, कारण तिथे गाडी १३० पर्यंत पळवतात. कोणी खोटं बोलत नाहीये, परीक्षाच वेगळी आहे. आता टाटा स्वतःच सी-७५ नावाचा वेगळा आकडा देते, म्हणजे १०० पैकी ७५ गिऱ्हाइकांना प्रत्यक्षात मिळेल तो, आणि नंतर आलेल्या ४५ युनिटच्या नेक्सॉनला दावा ४८९ चा असताना हा सी-७५ ३५०-३७० आहे. माझ्या मते ब्रोशरवर हाच मोठ्या अक्षरात छापायला हवा.

म्हणून व्हर्जन निवडताना किमी बाजूला ठेवा आणि युनिट बघा. शंभरच्या स्पीडला, एसी लावून, या साइझच्या गाडीला एका युनिटमागे साधारण ६-७ किमी धरा. मुंबई-पुणे दीडशे किमी, म्हणजे ३० युनिटची गाडी फुल चार्जवर पोचेल, पण पुण्याकडे येताना घाट चढायचा असतो. खोपोली ते खंडाळा साधारण साडेपाचशे मीटर चढ, माणसं-सामान धरून १६५० किलोची गाडी नुसती वर उचलायलाच अडीच युनिट जातात, म्हणजे १५-१६ किमीची रेंज घाटात गेली. मुंबईकडे उतरताना यातलं बरंच परत मिळतं, तेव्हा जाताना आणि येताना स्क्रीनवर वेगळे आकडे दिसले तर घाबरू नका.

ट्रॅफिकमध्ये अडकलात आणि एसी चालू आहे तर मात्र टेन्शन नको, एसी तासाला एखाद-दीड युनिट खातो. खरा फरक पडतो तो फास्ट चार्जरवर. ८० टक्क्यांच्या पुढे चार्जिंग मंदावतं, आणि १० टक्क्यांच्या खाली कोणी जात नाही, म्हणजे वाटेत हाताशी येते ती बॅटरीची ७० टक्केच. ४५ युनिटवाल्याला दोन चार्जरच्या मध्ये २०० किमी, ३० वाल्याला जेमतेम १४०. रोज ऑफिसला ४०-५० किमी आणि घरी पार्किंगमध्ये प्लग असेल तर ३० च्या पुढे उगाच पैसे घालू नका, मोठ्या बॅटरीचं शंभरेक किलो जास्त वजन पण रोज ओढावं लागतं. दर महिन्याला कोल्हापूर-नाशिक करणारा असाल तर गोष्ट वेगळी.