वापर हक्क, वाहिनीसाठी जमिनीतील

जमिनीची मालकी खातेदाराकडेच ठेवून तिच्याखालून खनिज तेल, वायू किंवा खनिजे वाहून नेणारी वाहिनी टाकण्याचा आणि देखभालीसाठी त्या जमिनीत शिरण्याचा वैधानिक अधिकार. तो पेट्रोलियम आणि खनिज पाईपलाईन (जमिनीतील वापर हक्काचे संपादन) अधिनियम, १९६२ अन्वये मिळतो. अशा वाहिनीचे उदाहरण म्हणजे मुंबईहून पुण्यामार्गे येऊन सोलापूरजवळ पाकणी येथे संपणारी हिंदुस्थान पेट्रोलियमची तेलवाहिनी.

या हक्काचे मूळ १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात शोधता येते. तो मुंबई इलाख्याला १८९१ च्या अधिनियमाने लागू झाला. परंतु सुविधाधिकार म्हणजे एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसरीवर आलेला भार, आणि वाहिनी टाकणाऱ्याकडे अशी लाभधारक जमीन असतेच असे नाही. त्यामुळे १८८५ च्या भारतीय तार अधिनियमातील कलम १० अधिक जवळचे वाटते. तारमार्गातील मालमत्तेत सरकारला वापराखेरीज अन्य हक्क मिळणार नाही, असे ते स्पष्ट करते. १९६२ चा अधिनियम आरंभी पेट्रोलियमपुरता होता. खनिजांचा समावेश १९७७ च्या दुरुस्तीने झाला.

हक्क सरकारकडे किंवा थेट ‘निगमा’कडे जातो आणि या संज्ञेत खाजगी कंपनीही बसते. गुजरातमधील जमीनधारकांनी अधिनियमाला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फेटाळले. मात्र सक्षम प्राधिकारी, म्हणजे हरकती ऐकणारा व भरपाई ठरवणारा अधिकारी, न्यायिक पदाचा अनुभव असलेला किंवा कायद्याचा जाणकार असावा, असे बजावले.

राजपत्रातील अधिसूचनेनंतर हरकतीसाठी २१ दिवस मिळतात. राहते घर व पक्के बांधकाम वगळावे लागते आणि वाहिनी किमान १ मीटर खोल असावी लागते. पिकाच्या व अन्य नुकसानीखेरीज जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के भरपाई मिळते; ती अमान्य असल्यास जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते. पुढे त्या पट्ट्यात बांधकाम, विहीर, तळे व झाडे यांना मनाई असते. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानाला ही मनाई फारशी जाचत नाही. सांगोल्यात डाळिंबाची बाग धरू पाहणाऱ्या किंवा शेततळे घेऊ पाहणाऱ्या खातेदाराचे भावी उत्पन्नच तिने अडते. दोघांना टक्केवारी एकच, हा या तरतुदीतील खरा अन्याय होय.

भीमेचे पाणी शेजाऱ्याच्या रानातून नेणाऱ्या शेतकऱ्यांच्या पाईपलाईनला हा अधिनियम लागू नाही. तेथे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४९ खाली तहसीलदार परवानगी देतो. भूमिगत पाईप किमान अर्धा मीटर खोल असावा लागतो.