प्रत्येक चुकीवर लाल शेरा हवाच का?
वहीतली प्रत्येक चूक लाल पेनाने दुरुस्त केलेली नसेल तर शिक्षकांनी कामचुकारपणा केला, असं पालक आणि पर्यवेक्षक वर्षानुवर्षं मानत आले आहेत. हा समज चुकीचा आहे, आणि त्याची झळ मुलांनाच बसते.

४० वह्या, प्रत्येकी ३ मिनिटं धरली तरी २ तास जातात. तेही एकाच वर्गाचे! मुलं मात्र गुण पाहतात आणि पान उलटतात. शिक्षण-मानसशास्त्राच्या संशोधक रूथ बटलर यांच्या १९८८च्या अभ्यासात नुसत्या सूचना मिळालेल्या मुलांची प्रगती झाली. सूचनेसोबत गुणही दिले तेव्हा तो फायदा उरला नाही. इंग्लंडमध्ये शिक्षकांवरच्या कामाच्या ओझ्याचा आढावा घ्यायला नेमलेल्या गटानंही २०१६ साली सांगितलं, की तपासणी अर्थपूर्ण आणि शिक्षकांना झेपेल अशी हवी.

मग वह्या तपासायच्याच नाहीत? तपासायच्या, पण वेगळ्या रीतीनं. सगळ्या वाचून वारंवार दिसणाऱ्या दोन-तीन चुका एका कागदावर टिपायच्या. समजा, हातचा घ्यायचा अनेकांचा राहतोय. दुसऱ्या दिवशी तेच गणित फळ्यावर सोडवायचं, मुलांनी आपापली वही स्वतः दुरुस्त करायची. तेवढ्या वेळात शिक्षक अडलेल्या मुलाशेजारी बसू शकतात. माझ्या मते तपासणीचं खरं काम तिथेच होतं.