मधुमेह, वृद्धांतील (ग्रामीण नागपूर)

नागपूर जिल्ह्यातील खेड्यांत ‘शुगर’ किंवा ‘साखरेची बिमारी’ या नावाने ओळखला जाणारा चयापचयाचा दीर्घकालीन विकार. उपाशीपोटी रक्तशर्करा १२६ मिग्रॅ./डेसिलि. किंवा एचबीएवनसी (मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा दाखवणारी चाचणी) ६.५ टक्के वा त्याहून अधिक भरल्यास निदान होते. लक्षणे नसतील तर चाचणी पुन्हा करतात. उतारवयात आढळणारा मधुमेह बहुतांशी प्रकार २ चा, म्हणजे शरीर इन्सुलिन या संप्रेरकाला पुरेशी दाद देत नाही असा, असतो. आयसीएमआर–इंडियाब या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेह-पाहणीच्या पहिल्या टप्प्यात (प्रसिद्धी २०११) ग्रामीण महाराष्ट्रातील प्रौढांत त्याचे प्रमाण ६.५ टक्के, तर शहरी भागात १०.९ टक्के आढळले.

चरकसंहितेत प्रमेहाचे (मूत्रविकारांचे) वीस प्रकार असून मधुमेह वातज (वातदोषाने होणाऱ्या) प्रकारांत येतो. रोग्याच्या अंगाकडे व मूत्राकडे मुंग्या धावतात, हे तेथे पूर्वरूपांत (रोगाआधीच्या खुणांत) नोंदले आहे. सुश्रुतसंहितेत सहज (जन्मजात) व अपथ्यनिमित्तज (अयोग्य आहारविहाराने होणारा) असे दोन भेद आहेत; पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. या ग्रंथावर अनेक शतके संस्कार होत आल्याने हा विचार नेमका कोणत्या शतकातला, हे सांगणे धाडसाचे ठरेल. हे भेद म्हणजेच आजचे प्रकार १ (शरीरात इन्सुलिन जवळपास न बनणारा) व २, असे मानणारे मत लोकप्रिय आहे. ते सैलपणेच घेतलेले बरे, कारण धानपट्ट्यातील सडपातळ वृद्ध मजुरालाही प्रकार २ होतो. कुपोषणजन्य मधुमेहाचा वेगळा वर्ग जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये मानला आणि १९९९ मध्ये वगळला. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये त्याला ‘प्रकार ५’ म्हणून मान्यता दिली. हा प्रकार मुख्यतः तरुणांत दिसतो.

लक्षणे : रक्तशर्करा साधारण १८० मिग्रॅ.च्या वर गेली की ती मूत्रात उतरते. वाढत्या वयात ही मर्यादा वर सरकते आणि तहानेची जाणीवही मंदावते. त्यामुळे ‘वारंवार लघवी, फार तहान’ ही ठळक खूण वृद्धांत उशिरा उमटते. नवतप्याच्या (मे अखेरच्या कडक उन्हाच्या) दिवसांत तर तहान उन्हाच्या नावावर खपते. त्याऐवजी वजन घटणे, थकवा, पायांना मुंग्या वा बधिरपणा, न भरणारी जखम, जांघेतली खाज, अंधुक दिसणे आणि वारंवार पडणे दिसते. ही लक्षणे ‘म्हातारपणाची’ म्हणून सोडून दिली जातात.

निदानातील अडचण : विदर्भात सिकलसेल या तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक रोगाचे प्रमाण लक्षणीय आहे. त्या रोगात तांबड्या पेशींचे आयुष्य घटत असल्याने एचबीएवनसी खोटे कमी भरते. केवळ वाहक असलेल्यांत परिणाम थोडा व चाचणीच्या पद्धतीनुसार बदलणारा असतो. लोहाच्या कमतरतेने आकडा उलट वर जाऊ शकतो. अशा व्यक्तींत थेट रक्तशर्करेवर भिस्त ठेवणे इष्ट.

स्वकाळजी : पायांना प्रथम स्थान. रामटेक, मौदा, कुही, भिवापूर या धानाच्या तालुक्यांत रोवणीच्या (रोपे लावण्याच्या) वेळी बांधीत (धानाच्या खाचरात) तासन्‌तास अनवाणी चिखलात उभे राहावे लागते. बधिर पायाला काटा टोचलेला कळत नाही. घरी आल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, नजर अधू असल्यास नातवंडाकडून तळवे पाहून घ्यावेत. बधिर पाय शेकू नयेत. पाण्याची ऊब दुसऱ्याने तपासावी.

साखर ७० मिग्रॅ.खाली जाणे वृद्धांत अधिक घातक. घाम, थरथर नेहमी होतेच असे नाही. आजोबा विसंगत बोलू लागले तरी तपासावे, आणि शुद्धीवर असल्यास साखरपाणी द्यावे. ग्लिबेनक्लामाइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या वा इन्सुलिन चालू असताना एकादशी–चतुर्थीचा निर्जळ उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. फराळाचा साबुदाणाही निव्वळ पिष्टच.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८° से. तापमानात ठेवावे लागते. फ्रिज नसलेल्या घरी वापरातली कुपी कोरड्या डबीत घालून ओल्या मातीच्या भांड्यात ठेवतात. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवनामुळे हा उपाय साधतो. पावसाळी दमट हवेत त्याचा फायदा कमी.