एंडोमेट्रिओसिस : वनस्पतिजन्य अर्क आणि आतड्यांतील जिवाणू

एंडोमेट्रिओसिस या विकारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या ऊती गर्भाशयाबाहेर रुजतात आणि वाढतात. अंडाशय, गर्भाशयामागची पोकळी, ओटीपोटाचे आवरण, मूत्राशय आणि मोठे आतडे या त्यांच्या नेहमीच्या जागा. अंडाशयात जुने रक्त साठून गाठ झाली की तिला डॉक्टर आणि रुग्ण दोघेही ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात १९ कोटींच्या आसपास स्त्रिया आणि मुलींना हा विकार आहे. पाळीत कंबर आणि ओटीपोट पिळवटून निघणे, संबंधाच्या वेळी किंवा शौचाला जाताना दुखणे, सततचा थकवा, मूल न राहणे ही त्याची लक्षणे. ‘पाळीत दुखायचंच’, ‘एक बाळ झालं की थांबेल’ अशी समजूत घालणारे घरोघर असतात आणि पोट फुगण्याचा संबंध अपचनाशी लावून मोकळे होता येते. त्यामुळे निदान होईपर्यंत ४ ते १२ वर्षे निघून जातात.

उपचारात वेदनाशामक गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, डायनोजेस्टसारखी प्रोजेस्टिन वर्गातील औषधे, इस्ट्रोजेन दाबून टाकणारी इंजेक्शने आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांचा समावेश होतो. यातले काहीही रोग मुळातून काढत नाही. संप्रेरकांच्या गोळ्या चालू असताना गर्भधारणा होत नाही, काहींना मधूनमधून अंगावरून जात राहते, मन उदास होते, आणि शस्त्रक्रियेनंतरही गाठी पुन्हा येऊ शकतात. हळद, ग्रीन टी, अशोकारिष्ट, प्रोबायोटिकच्या (उपकारक जिवाणूंच्या) कॅप्सूल यांकडे रुग्ण वळतात ते या अडचणीतून. त्याला नुसते अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे. वनस्पतींचे अर्क आणि आतड्यांतील जिवाणू हे विषय बहुधा निरनिराळे मांडले जातात. प्रत्यक्षात ते एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत, कारण गिळलेल्या अर्काचा मोठा भाग रक्तात न जाता जिवाणूंच्या हाती लागतो.

इस्ट्रोजेनची परतफेरी

अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये मांडलेली उपपत्ती आजही प्रमुख मानली जाते : पाळीचे काही रक्त बीजवाहिन्यांतून उलटे ओटीपोटात जाते आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. अडचण अशी की असा उलटा प्रवाह सुमारे ९० टक्के स्त्रियांमध्ये होतो, रोग मात्र दहांपैकी एकीलाच होतो. मग या एकीच्याच पोटात पेशी का टिकतात? आनुवंशिकता, प्रतिकारशक्तीतले दोष, सूज आणि इस्ट्रोजेन यांच्याकडे बोट दाखवले जाते. जिवाणूंचा प्रवेश यातल्या शेवटच्या दोन कारणांमधून होतो.

शरीराने वापरलेले इस्ट्रोजेन यकृतात ग्लुक्युरोनिक आम्लाला जोडले जाते. अशी जोडी निष्क्रिय असते. ती पित्तातून आतड्यात उतरते आणि शौचावाटे बाहेर पडायला निघते. मोठ्या आतड्यातील काही जिवाणूंकडे मात्र बीटा-ग्लुक्युरोनिडेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. बॅक्टेरॉइडिस, क्लॉस्ट्रिडियम आणि इ. कोलाय यांच्या कित्येक जाती ते तयार करतात. हे विकर जोडी तोडते, इस्ट्रोजेन मोकळे होते आणि आतड्याच्या भिंतीतून पुन्हा रक्तात शिरते. इस्ट्रोजेनची अशी उलाढाल करणाऱ्या जिवाणूंच्या जनुकसमूहाला २०११ मध्ये ‘इस्ट्रोबोलोम’ हे नाव मिळाले. एंडोमेट्रिओसिसच्या गाठी स्वतःही अरोमॅटेज विकराच्या साह्याने इस्ट्रोजेन बनवतात, तेव्हा आतड्यातून परतणारा वाटा त्यात किती भर घालतो हा खरा प्रश्न आहे. विकर आहे म्हणून रोग वाढतो, इतके सरळ गणित अजून कोणी सिद्ध केलेले नाही.

दुसरी वाट सुजेची. काही जिवाणूंच्या कवचातील लिपोपॉलिसॅकराइड हा घटक प्रतिकार-पेशींना चिथावतो. एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांच्या पाळीच्या रक्तात इ. कोलाय आणि हा घटक जास्त आढळल्याचे जपानी संशोधकांनी नोंदवले आहे. याच्या उलट, तंतुमय अन्न आंबवून ब्युटिरेट हे मेदाम्ल तयार करणारे जिवाणू आतड्याचे अस्तर घट्ट ठेवतात आणि सूज उतरवतात.

उंदीर, माकडे आणि माणसे

या क्षेत्रातला सर्वांत बोलका प्रयोग उंदरांवरचा आहे. अमेरिकेतील सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील गटाने २०१९ मध्ये दाखवले की एंडोमेट्रिओसिस घडवलेल्या उंदरांना मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक दिले की गाठी लहान राहतात. मग त्याच उंदरांना आजारी उंदरांची विष्ठा तोंडावाटे दिली, तेव्हा गाठी पुन्हा वाढल्या. २०२१ मध्ये याच गटाने ब्युटिरेट दिल्यावर गाठींची वाढ मंदावते असे मांडले. ऱ्हीसस माकडांत आपोआप होणाऱ्या एंडोमेट्रिओसिसवरील २००२ च्या अभ्यासात आजारी माकडांच्या आतड्यात लॅक्टोबॅसिलस कमी आणि सूज जास्त सापडली होती.

माणसांकडे आले की चित्र विस्कटते. तुर्कस्तानातील एका अभ्यासात १४ रुग्ण आणि १४ निरोगी स्त्रिया होत्या. स्वीडनमधील अभ्यासात ६६ रुग्णांची १९८ स्त्रियांशी तुलना झाली आणि जिवाणूंत काही फरक दिसले. पण प्रत्येक अभ्यासातील दोषी जिवाणू वेगळा! २०२४ मध्ये एस्टोनियातील सुमारे १,००० स्त्रियांच्या, त्यात एंडोमेट्रिओसिस असलेल्या १३६ जणींच्या, विष्ठेतील जिवाणूंच्या जनुकांचे वाचन झाले. दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. एवढ्या मोठ्या अभ्यासानंतर ‘एंडोमेट्रिओसिसचे जिवाणू’ ओळखून देण्याचा दावा करणाऱ्या महागड्या विष्ठा-चाचण्यांना काय अर्थ उरतो, हे वाचकाने ठरवावे.

जपानच्या नागोया विद्यापीठाच्या २०२३ मधील निष्कर्षांची वर्तमानपत्रांत बरीच गल्लत झाली. त्यांना फ्युसोबॅक्टेरियम हा जिवाणू ६४ टक्के रुग्णांच्या गर्भाशयाच्या अस्तरात आढळला. निरोगी स्त्रियांत हे प्रमाण १० टक्क्यांहून कमी होते. शोध गर्भाशयातला होता, आतड्यातला नव्हे. प्रतिजैविकाने गाठी कमी झाल्या त्याही उंदरांच्या. यावरून मेडिकलमधून मेट्रोनिडाझोलची पाकिटे आणून स्वतःवर प्रयोग करणे घातक आहे.

हळदीचे उदाहरण

वनस्पतिजन्य द्रव्यांपैकी हळदीतील कर्क्युमिनचा अभ्यास सर्वांत खोलवर झाला आहे आणि या सगळ्या विषयाची मेख त्यातच कळते. कोलकात्याच्या भारतीय रासायनिक जीवविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००९ मध्ये उंदरांवर दाखवले की ऊतींची वीण तोडून पेशींना वाट करून देणाऱ्या एमएमपी-९ या विकराला कर्क्युमिन आवर घालते. प्रयोगशाळेतील पेशींवर त्याने सूज आणि नव्या रक्तवाहिन्यांची वाढही कमी केली. इथवर सगळे आशादायक.

पोटातून घेतलेले कर्क्युमिन मात्र रक्तात जेमतेम पोचते. म्हणून काळ्या मिरीतील पायपरीन त्याच्या जोडीला देतात; १९९८ मध्ये बंगळुरूत झालेल्या प्रयोगात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर शोषण २० पटींनी वाढले होते. जे शोषले जात नाही ते मोठ्या आतड्यात जाते. इ. कोलायमध्ये कर्क्युमिनचे रूपांतर टेट्राहायड्रोकर्क्युमिनमध्ये करणारे विकर आहे, हे जपानी संशोधकांनी २०११ मध्ये सिद्ध केले. म्हणजे एकच कॅप्सूल दोघींनी घेतली तरी दोघींच्या आतड्यात तयार होणारे पदार्थ सारखे असतीलच असे नाही.

इराणमध्ये एंडोमेट्रिओसिसच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५०० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिवसातून दोनदा, ८ आठवडे दिले गेले. नुसती बनावट गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत वेदनेत फरक पडला नाही. चाचणीतला डोसही ध्यानात घेण्याजोगा आहे. हळद पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असते. दिवसाला १ ग्रॅम कर्क्युमिन पोटात जायचे तर ३० ग्रॅमांहून जास्त, म्हणजे सुमारे १० चमचे हळद रोज खावी लागेल. सांगलीची हळद कितीही चांगली असली तरी वरणातल्या चिमूटभर हळदीला किंवा रात्रीच्या हळद-दुधाला औषध समजू नये. चवीसाठी, सवयीसाठी जरूर घ्यावे.

इतर अर्क

द्राक्षांच्या सालीतील रेस्व्हेराट्रॉलची गत अशीच झाली. गर्भनिरोधक गोळीसोबत ते दिल्यावर दुखणे कमी झाल्याचे ब्राझीलमध्ये १२ रुग्णांवर दिसले. पुढे तिथेच ४४ स्त्रियांवर नीट तुलना करून चाचणी झाली, तेव्हा त्याचा जास्तीचा फायदा दिसला नाही. ग्रीन टीमधील ईजीसीजी हे द्रव्य उंदरांतल्या गाठींचा रक्तपुरवठा रोखते, असे हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठातील गटाने दाखवले आहे. चिनी वनौषधींच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्यात (२०१२) अवघ्या दोन चाचण्या आणि १५८ स्त्रिया होत्या. त्यात या औषधांचा परिणाम गेस्ट्रिनोन या संप्रेरक-औषधाच्या तोडीचा वाटला, पण दोन चाचण्यांवर फार भार टाकता येत नाही.

जिवाणूंशिवाय काही वनस्पतिजन्य द्रव्ये जवळजवळ अपुरीच राहतात. सोयाबीनमधील डेडझीनपासून इक्वॉल हे इस्ट्रोजेनसारखे द्रव्य बनते ते जिवाणूंमुळे, आणि तेही सर्वांच्या आतड्यात बनत नाही; पाश्चात्त्य देशांत जेमतेम तीन-चार जणांमागे एकाला ते जमते. जवसातील लिग्नानपासून एंटेरोलॅक्टोन आणि डाळिंबातील एलॅजिटॅनिनपासून युरोलिथिन ही रूपांतरेही जिवाणूच करतात. अर्काच्या बहुतेक चाचण्यांत सहभागी स्त्रियांचे जिवाणू तपासलेलेच नसतात. त्यामुळे चाचणी फसली तर द्रव्य कुचकामी होते की ते घडवणारे जिवाणू नव्हते, हे कळायला मार्ग राहत नाही. माझ्या मते या संशोधनातली सर्वांत मोठी उणीव हीच.

महाराष्ट्रात पाळीच्या तक्रारींवर अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट, लोध्र, शतावरी ही नावे सर्वांत आधी निघतात. आयुर्वेदात वेदनायुक्त पाळीचे वर्णन उदावर्ता योनिव्यापदाखाली येते, पण दुर्बिणीतून दिसणाऱ्या एंडोमेट्रिओसिसशी त्याची एकास एक जोडी लावता येत नाही. अशोकाबाबत अडचण आणखी खालच्या पातळीवर आहे. औषधाला सीता अशोकाची साल लागते. हा वृक्ष दुर्मीळ होत चालला असून त्याची नोंद धोक्यातल्या वनस्पतींमध्ये आहे. बाजारात त्याच्या सालीत भेसळ होते, आणि भेसळीला वापरल्या जाणाऱ्यांपैकी एक म्हणजे सोसायट्यांच्या कुंपणाशी उभा असलेला उंच, निमुळता आसुपालव. लोक त्यालाही अशोकच म्हणतात. वनस्पतिशास्त्रात तो सीताफळाच्या कुळातला. बाटलीत कुठली साल उतरली आहे हेच ठाऊक नसेल, तर गुण आला काय नि न आला काय, त्यातून निष्कर्ष कसला काढणार?

प्रोबायोटिक आणि आहार

जिवाणूच गोळीतून द्यावेत, असाही प्रयत्न झाला आहे. जपानमध्ये २०११ साली लॅक्टोबॅसिलस गॅसेरीचा एक प्रकार घेणाऱ्यांची पाळीतील वेदना कमी झाल्याचे नोंदवले गेले. इराणमध्ये ३७ रुग्णांवर ८ आठवड्यांच्या छोट्या चाचणीतही काहीसा उतार दिसला. दोन्ही चाचण्या लहान, आणि दोन्हींतले जिवाणू ठरावीक. घरच्या दह्या-ताकात नेमके तेच असतील असे नाही, पण ताक पिण्याला त्यामुळे हरकत येत नाही.

पोट फुगणे, गॅसेस, शौचाच्या तक्रारी ज्यांना जास्त आहेत, त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाने विकसित केलेला ‘लो फॉडमॅप’ आहार उपयोगी दिसतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या छोट्या चाचणीत या आहारावर सुमारे ६० टक्के रुग्णांचे पोट सुधारले. नेहमीच्या आहारावर हे प्रमाण २६ टक्के होते. लवकर आंबणारी कर्बोदके या आहारात काही आठवडे टाळायची असतात. मराठी स्वयंपाकघरात याचा अर्थ कांदा-लसूण बंद, गव्हाची पोळी बंद, राजमा-छोल्यांना रजा. भात, ज्वारीची भाकरी, दुधी, गाजर, काकडी चालतात; फोडणीला हिंग घालावा, पण दुकानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते ते पाहून. यात एक पेच आहे. आंबणारी कर्बोदके हेच ब्युटिरेट बनवणाऱ्या जिवाणूंचे अन्न, त्यामुळे हा आहार लांबवला तर त्यांचीच उपासमार होते. म्हणून तीन-चार आठवड्यांनंतर एकेक पदार्थ परत आणून कशाने त्रास होतो ते पाहायचे असते, आणि ते आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली केलेले बरे.

सुरक्षितता

‘झाडपाल्याचे आहे, अपाय कसला’ हे खरे नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नोंदवले की गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी घेतल्यास यकृताची विकरे वाढू शकतात. कपभर ग्रीन टीत याहून खूप कमी असते. तीव्र कर्क्युमिन गोळ्यांनंतर कावीळ झाल्याच्या घटना इटलीत नोंदल्या गेल्या. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते.

युरोपातील प्रजननवैद्यक संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहार किंवा चिनी औषधे यांची शिफारस करण्याइतका पुरावा नसल्याचे म्हटले आहे. डायनोजेस्टसारख्या गोळीचे यकृतात विघटन होते, म्हणून सोबत चालू असलेला अर्क, काढा किंवा चूर्ण डॉक्टरांना नावानिशी सांगावे, शक्य तर बाटलीच दाखवावी. कर्क्युमिनच्या मोठ्या मात्रेने रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो. दुर्बिणीची शस्त्रक्रिया ठरली असेल तर अशा गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या, हे भूलतज्ज्ञाला विचारून घ्यावे.