एस्प्रेसोच्या कपात भाजणी शोधताना

कॉफी भाजून विकणारं नवं दुकान सापडलं की मी तिथे आधी बिनदुधाची, बिनसाखरेची एस्प्रेसो मागतो. गेल्या महिन्यात पुण्यात, घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर असं एक दुकान अचानक दिसलं. दिसलं कसलं, वासानेच ओढून नेलं. थालीपिठाची भाजणी कढईत खमंग होत आली की घरभर पसरतो, त्या जातीचा वास. आत भाजायचं छोटं यंत्र, बरण्यांत चिकमगळूरच्या बिया आणि प्रत्येक बरणीवर भाजल्याची तारीख. तारीख लिहिणाऱ्या दुकानाबद्दल मला लगेच आदर वाटतो.

एस्प्रेसोच का? कारण ती काही लपवू देत नाही. साधारण 18 ग्रॅम कॉफीची पूड, 93 अंशांच्या आसपास तापलेलं पाणी, 9 बार दाब आणि 25 ते 30 सेकंदांत कपात उतरलेलं 36 ग्रॅम पेय. 9 बार म्हणजे 90 मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाखाली जेवढा भार असेल तेवढा. मिलानच्या लुईजी बेझेरांनी 1901 मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात वाफेचाच जोर होता, तो याच्या पासंगालाही पुरत नव्हता. पुढे आकिले गाजा यांच्या दांड्याच्या यंत्रांनी दाब वाढवला आणि 1961 च्या फाएमा कंपनीच्या ई-61 यंत्राने ते काम विजेच्या पंपाकडे दिलं. या दाबामुळे कपातल्या पेयात विरघळलेले पदार्थ 8 ते 12 टक्के असतात. कागदी गाळणीतून उतरलेल्या कॉफीत ते जेमतेम सव्वा-दीड टक्का. त्यामुळे गुणही ठळक लागतात आणि खोडही.

अडचण एवढीच की या खोडीचे धनी दोन असू शकतात. एक बिया भाजणारा, दुसरा यंत्रावर कॉफी काढणारा. दुकानाच्या भाजणीबद्दल मत बनवायचं तर आधी यंत्रावरचा दोष बाजूला काढावा लागतो.

माझा पहिला शॉट, म्हणजे एका वेळी काढलेली एस्प्रेसो, 17 सेकंदांत उतरला. पातळ, फिकट, जिभेच्या कडा आकसाव्यात इतका आंबट आणि किंचित खारट. भाजलेल्या बीचा जवळपास 30 टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, पण चव जुळून येते ती साधारण 18 ते 22 टक्के उतरला की. आम्लं आणि क्षार झटकन निघतात, कडवट पदार्थांना वेळ लागतो. पाणी घाईने निघून गेलं तर आंबट तेवढं कपात येतं आणि बाकीचं पुडीतच राहतं. हलक्या भाजणीची कॉफीही आंबट असते, कारण तिच्यात सायट्रिक आणि मॅलिक आम्ल बरंच शिल्लक असतं. पण त्या आंबटपणाच्या मागे संत्र्याचा, जर्दाळूचा असा काहीतरी वास असतो. इथे मागे काहीच नव्हतं. म्हणजे भाजणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता.

यंत्रावरच्या मुलीला मी वेळ सांगितली. “थांबा काका, ग्राइंड बारीक करते. हे बीन्स तीन आठवड्यांपूर्वीचे आहेत,” ती म्हणाली. अगदी बरोबर. भाजताना बीमध्ये अडकलेला कार्बन डायऑक्साइड दिवसागणिक निघून जातो, पाण्याला होणारा त्याचा अडथळा कमी होतो आणि शॉट पळायला लागतो. तिने बिया तोलल्या, त्यांवर पाण्याचा एक हलका फवारा मारला आणि मग दळल्या. हा फवारा म्हणजे दिखावा नव्हे. दळताना घर्षणाने पुडीवर विद्युतभार येतो, कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात; थोडी ओल असली की हे कमी होतं, असं 2023 मध्ये रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेंडन आणि ज्वालामुखीच्या राखेतली वीज अभ्यासणारे जोशुआ मेंडेझ हार्पर यांच्या गटाने दाखवलं. हेंडन यांच्याच गटाने 2020 मध्ये आणखी एक गोष्ट मांडली होती: बारीक दळण्यालाही मर्यादा आहे. फार बारीक पूड काही ठिकाणी तुंबते, पाणी उरलेल्या वाटांनी पळतं आणि एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही येतं.

दुसऱ्या शॉटला 28 सेकंद लागले. वर विटकरी रंगाचा क्रेमा. त्यावरून मत बनवू नये, हे मी आग्रहाने सांगेन. दाबाखाली विरघळलेला वायू दाब उतरताच बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, त्याचा हा फेस. तो ताजेपणाबद्दल थोडंफार सांगतो, चवीबद्दल फारसं नाही. रोबस्टा जातीची कॉफी घातली की क्रेमा आपोआप दाट होतो, आणि भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाच जास्त. चमच्याने ढवळून, मिनिटभर निवू देऊन मग घोट घ्यावा.

आणि हा घोट गोड होता! गंमत अशी की त्यात साखर जवळजवळ नसतेच. अरेबिका जातीच्या कच्च्या बीमध्ये 6 ते 9 टक्के सुक्रोज असतं, पण भाजताना ते बहुतेक सगळं मोडतं. त्यातून जे कॅरॅमलसारखे वास तयार होतात ते घशामागून नाकात चढतात आणि मेंदू त्यांना गोड म्हणतो. नाक चिमटीत धरून पिऊन पाहा, गोडवा गायब होतो. कडवटपणाही होता, पण घशाशी न रेंगाळणारा. कॉफीच्या कडवटपणात कॅफिनचा वाटा लहान आहे. क्लोरोजेनिक आम्लांपासून भाजताना आधी लॅक्टोन नावाची संयुगं बनतात, त्यांचा कडूपणा सौम्य असतो. भाजणी गडद होत गेली की त्यांचे फेनिलइंडेन होतात आणि ते जिभेवर खरवडत राहतात. इथे तसं काही नव्हतं. बरणीतल्या बियांवर तेलाची चकाकीही नव्हती. म्हणजे भाजणारा दुसऱ्या तडतडीच्या, गडद भाजणीत बिया दुसऱ्यांदा तडकतात त्याच्या, आधीच थांबला होता. अशा संयमाने भाजलेली कॉफी शहरात सहज मिळत नाही, म्हणून मला मनापासून आनंद झाला.

तरी शेवटी जिभेवर काहीतरी उरलं. शेंगदाण्याच्या लाल सालासारखं, कोरडं, तुरट.

अडीचशे ग्रॅमची पुडी घरी आणून मी ताटात ओतली. सगळ्या बिया तपकिरी, मधूनच एखादी फिकट, गव्हाळ रंगाची. या कच्च्या फळांतल्या बिया. त्यांत साखर आणि अमिनो आम्लं कमी असतात, त्यामुळे कितीही चांगलं भाजलं तरी त्या खरपूस होतच नाहीत. कच्च्या ढिगात त्या ओळखू येणं अवघड; भाजल्यावरच उघड्या पडतात आणि तेव्हा वेचून काढाव्या लागतात. फळासकट वाळवलेल्या कॉफीत त्या जास्त सापडतात.

चौदा निघाल्या. त्या खलात कुटून एका वाटीत घातल्या, शेजारच्या वाटीत चौदा तपकिरी बियांची पूड, आणि दोन्हींत दोन-दोन मोठे चमचे उकळून जरा निवलेलं पाणी. चार मिनिटांनी पहिल्या वाटीला भिजलेल्या पुठ्ठ्याचा आणि शेंगदाण्याच्या सालाचा वास होता. दुसरीला दुकानात आला होता तोच, खमंग.