बालशिक्षणातील तंत्रज्ञान : पीएच.डी.साठी समस्याविधान

पीएच.डी.च्या संशोधन आराखड्यात, म्हणजे सिनॉप्सिसमध्ये, आपण नेमक्या कोणत्या अडचणीचा शोध घेणार, ती कोणाला भेडसावते, तिच्याबद्दल आजवर काय कळले आहे आणि काय कळायचे राहिले आहे, हे ज्या एक-दोन परिच्छेदांत लिहितात त्याला समस्याविधान म्हणतात. शिक्षणशास्त्रातल्या मराठी प्रबंधांत ‘समस्येचे शब्दांकन’ असेही म्हटले जाते. लहान मुलांच्या शिक्षणात मोबाईल, टीव्ही, टॅब आणि ॲप यांचा वापर हा विषय संशोधक आवडीने घेतात. त्यावर समस्याविधान लिहिताना काय काय पाहावे लागते, हे या नोंदीत सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात दिले आहे.

विषय आणि समस्या : या दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते. ‘सातारा जिल्ह्यातील अंगणवाड्यांमधील तंत्रज्ञान वापराचा चिकित्सक अभ्यास’ हे शीर्षक आपल्याकडे कोणालाही ओळखीचे वाटेल. त्यात जिल्हा आहे, अंगणवाडी आहे, तंत्रज्ञान आहे. मूल कुठेच नाही. कोणाचे काय अडले आहे, याचा पत्ता लागत नाही. हा विषय झाला. समस्या म्हणायची तर त्यात काहीतरी खटकणारे, न जुळणारे असावे लागते. धोरण एक सांगते आणि वर्गात दुसरे घडते, किंवा एका संशोधनाचा निष्कर्ष आपल्या परिस्थितीत लागू पडेल असे दिसत नाही, किंवा सेविका जे रोज करते त्याचा मुलांना उपयोग होतो की नाही हे कोणालाच ठाऊक नाही. अशी जागा सापडली की समस्येचे टोक हाती लागते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे उपकरणाचा अभाव हीच समस्या मानणे. ‘अंगणवाडीत टॅब नाहीत’ असे लिहिले की उत्तर आधीच ठरते : टॅब द्या. मग संशोधनाला उरते काय? टॅब नसल्याने मुलांचे नेमके काय राहून जाते, हे आधी दाखवावे लागते, आणि ते दाखवता आले नाही तर टॅबचा विषय सोडून द्यावा लागतो.

पार्श्वभूमी : महाराष्ट्रात बालशिक्षणाचा विचार उपकरणांच्या कितीतरी आधीचा आहे. ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी प्रत्यक्षात आणली. तिथले साधन म्हणजे भोवतालचे खडे, बिया, पाने आणि काड्या. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला. त्याचा अभ्यासक्रम आराखडा २०२२ मध्ये आला आणि २०२३ मध्ये खेळणी, कोडी, बाहुल्या असलेला ‘जादुई पिटारा’ आला. आराखड्याचा भर खेळावर आणि घरच्या भाषेवर आहे. समस्याविधानात ही माहिती चार ओळींत यावी. सुरुवातीची आठ पाने धोरणांच्या जंत्रीत घालवून मूळ समस्या नवव्या पानावर आणण्याची सवय मोडायला हवी.

मोबाईल अंगणवाडीत आला तो मात्र वेगळ्या वाटेने. २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झाले आणि सेविकांच्या हाती नोंदींसाठी फोन दिले गेले. २०२१ मध्ये या नोंदींसाठी पोषण ट्रॅकर हे ॲप आले. त्याच वर्षी महाराष्ट्रात सेविकांनी सरकारी मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. फोनची क्षमता अपुरी आणि ॲपची भाषा इंग्रजी, या त्यांच्या मुख्य तक्रारी होत्या. म्हणजे बहुतेक अंगणवाड्यांत जे तंत्रज्ञान पहिल्यांदा पोहोचले ते वजन, उंची आणि हजेरी भरण्याचे होते. शिकवणे त्यावर नंतर चढवले गेले. हे लक्षात न घेता ‘अंगणवाडीतील डिजिटल अध्यापन’ असा विषय घेणारा संशोधक पहिल्याच भेटीत गोंधळतो.

एक सकाळ : साडेदहाची वेळ. वीस-बावीस मुले, एक सेविका, एक मदतनीस. मदतनीस आत खिचडीची तयारी करते आहे. बाई मोबाईल पाण्याच्या माठाला टेकवून उभा करतात आणि मोराचे गाणे लावतात. पुढची सहा-सात मुले इतकी पुढे सरकतात की मागच्यांना त्यांची डोकीच दिसतात. मागच्या रांगेतली दोघे दारातल्या कोंबडीकडे बघत बसतात. गाणे ऐन रंगात येते तेवढ्यात मुख्यसेविकेचा, म्हणजे वरच्या पर्यवेक्षिकेचा, फोन येतो आणि पडद्यावरचा मोर नाहीसा होतो. ‘बाई, मोर कुठं गेला?’ असे एक मुलगी विचारते. बाई कानाला फोन लावलेल्या, त्या हातानेच ‘थांब’ म्हणतात. फोन संपतो तोवर मुलगी उठून गेलेली असते.

या पाच मिनिटांत किमान तीन समस्या दडल्या आहेत. एकच फोन हजेरीलाही आणि गाण्यालाही, म्हणजे सेविकेच्या वेळेचा प्रश्न. एवढासा पडदा आणि एवढी मुले, म्हणजे कोणाला काय दिसते आणि कोण आपोआप मागे पडते हा प्रश्न. आणि मोर कुठे गेला या प्रश्नाला उत्तर द्यायला मोठे माणूस मोकळे नसणे. तिसरी सर्वांत मोलाची आहे, असे या नोंदीचे मत आहे. कारण साधारण तीन वर्षांखालची मुले तीच गोष्ट पडद्यावरून शिकताना समोरच्या माणसाकडून शिकण्यापेक्षा कमी पडतात, हे बालविकासाच्या संशोधनात वारंवार दिसले आहे. आणि मोठे माणूस शेजारी बसून बोलत असेल, प्रश्न विचारत असेल, तर पडद्यावरूनही शिकणे सुधारते, असे अभ्यास सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितली आणि त्याहून कमी असेल तर उत्तम, असेही म्हटले. पण शेजारी बसणे याचा अर्थ बावीस मुलांमागे एक बाई असताना काय होतो? एका मुलामागे एक टॅब देऊन केलेल्या परदेशी प्रयोगांतून याचे उत्तर मिळत नाही. इथे संशोधनाची पोकळी खरोखरच आहे.

पोकळी कशाला म्हणावे : ‘सातारा जिल्ह्यात असा अभ्यास यापूर्वी झालेला नाही’ हे वाक्य अनेक आराखड्यांत पोकळी म्हणून दिलेले असते. ते खरे असले तरी पुरत नाही. जिल्हा बदलल्याने निष्कर्ष बदलेल, असे मानायला कारण द्यावे लागते. कारणे शोधायची तर या दोन जिल्ह्यांत वाण नाही. जत तालुक्यात अनेक घरांत कन्नड बोलतात. तिथल्या मुलाला अंगणवाडीत मराठी गाण्याचा व्हिडिओ दाखवला तर ते चित्र पाहून समजते, चाल पाठ करते की शब्द शिकते? माण, खटाव, आटपाडी या भागांतली मेंढपाळ कुटुंबे वर्षातले काही महिने कळपाबरोबर बाहेर असतात. पाटण आणि जावळीच्या डोंगरातल्या वाड्यांवर फोनला रेंज मिळेलच असे नाही. कराड-वाळवा पट्ट्यात गाळप हंगामात उसाच्या फडाशेजारी कोप्या, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्या, पडतात आणि तोडणी मजुरांची मुले दिवसभर तिथेच असतात. यांतले कोणतेही एक कारण घेऊन ते तंत्रज्ञानाच्या प्रश्नाशी नीट जोडले, तर जिल्ह्याचे नाव शीर्षकात सार्थ ठरते.

पूर्वीचे संशोधन पाहण्यासाठी देशातले प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर आणि चालू संशोधनाचे आराखडे ‘शोधगंगोत्री’वर मिळतात. शोधताना एकच शब्द धरून बसू नये. बालवाडी, अंगणवाडी, पूर्वप्राथमिक, शिशुवर्ग, बालवाटिका असे सगळे शब्द घालून पाहिले तरच चित्र बऱ्यापैकी पुरे होते.

मसुदा कसा बदलतो : एक नमुना घेऊ. संशोधकाचा पहिला मसुदा असा असतो : ‘आजचे युग हे तंत्रज्ञानाचे युग आहे. ग्रामीण भागातील बालके तंत्रज्ञानापासून वंचित आहेत. म्हणून संशोधकाने सदर समस्येची निवड केली आहे.’ यातले पहिले वाक्य कोणत्याही प्रबंधाला चालेल, म्हणून ते काढावे. दुसरे तपासलेले नाही. गावातल्या घरोघरी मोठ्यांचा फोन मुलांच्या हाती दिसतो, तेव्हा वंचित हा शब्द कशाच्या आधारावर? तिसऱ्यात कारण नाहीच.

मार्गदर्शकांशी दोन-तीन बैठका आणि चार अंगणवाड्यांत आठवडाभर बसणे झाले की मसुदा असा होऊ शकतो : ‘अंगणवाडीत चार ते सहा वर्षांच्या मुलांना सेविकेच्या मोबाईलवर गोष्टी व गाणी दाखवली जातात. मोठ्यांनी सोबत बोलत दाखवल्यास मुले पडद्यावरून अधिक शिकतात, असे उपलब्ध संशोधन सांगते. मात्र ते संशोधन प्रामुख्याने एक मोठा आणि एक मूल अशा जोडीवर झाले आहे. एकाच सेविकेकडे वीसहून अधिक मुले आणि एकच लहान पडदा असताना अशा सोबतीच्या संवादाचे स्वरूप काय राहते आणि मुलांच्या शब्दसंग्रहाशी त्याचा संबंध काय, हे स्पष्ट नाही. परिणामी हा वेळ प्रत्यक्ष गोष्ट सांगण्याऐवजी द्यावा की तिच्या जोडीने, याबाबत सेविकांना आधार मिळत नाही.’ यात परिस्थिती आली, माहीत असलेले आले, माहीत नसलेले आले आणि त्या अज्ञानाची झळ कोणाला बसते तेही आले. उद्दिष्टे, परिकल्पना, व्याप्ती आणि मर्यादा यातूनच निघतात. त्या वेगळ्या बसून रचाव्या लागत नाहीत.

पदांच्या कार्यात्मक व्याख्यांकडे, म्हणजे या अभ्यासापुरता कोणत्या शब्दाचा नेमका अर्थ काय याकडे, इथे खास लक्ष द्यावे. तंत्रज्ञान म्हणजे सेविकेचा मोबाईल, भिंतीवरचा टीव्ही की घरी पालकांना व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ? तिन्ही एका शब्दात कोंबले तर निष्कर्ष कशाचाच राहत नाही. ‘परिणामकारकता’ हा शब्दही असाच सैल वापरला जातो.

मोजता येईल का : शिक्षणशास्त्र विभागांत एक ठरीव पद्धत दिसते. व्हिडिओ कार्यक्रम तयार करायचा, पूर्वचाचणी घ्यायची, महिनाभर दाखवायचा, उत्तरचाचणी घ्यायची आणि गुण वाढले म्हणून कार्यक्रम परिणामकारक ठरवायचा. चार वर्षांच्या मुलाबाबत हे धोक्याचे आहे. या वयात मूल काही न करताही महिन्याभरात नवे शब्द उचलते. म्हणून तुलनेचा गट हवा, आणि त्या गटालाही तेवढीच मिनिटे बाईंनी तोंडी गोष्ट सांगितलेली हवी. नाहीतर व्हिडिओची तुलना रिकाम्या वेळेशी होते. कागद-पेन्सिलची चाचणी या वयात चालत नाही. एकेका मुलाला शेजारी बसवून चित्र ओळखायला, गोष्ट पुन्हा सांगायला लावावे लागते. शंभर मुलांचे असे काम एकट्याने करायला किती आठवडे लागतील, याचा हिशेब समस्या ठरवतानाच करावा. हंगामाचाही विचार हवा : दिवाळीआधी पूर्वचाचणी दिलेली माण किंवा जतमधली काही मुले फेब्रुवारीत आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात. जी गेली नेमक्या त्यांचेच निष्कर्ष गळतात.

विद्यापीठाची चौकट : सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि साधारणपणे जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात, किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क असते आणि संशोधन सल्लागार समिती आराखडा पाहून विषय निश्चित करण्यास मदत करते. समितीपुढे समस्याविधान मोठ्याने वाचावे लागेल हे धरूनच ते लिहावे. एका दमात वाचता न येणारे वाक्य बहुधा लिहिणाऱ्यालाही नीट उमगलेले नसते.

संमती : समस्याविधानातच हे येते, कारण मुलांचे चित्रीकरण करायचे असेल तर संशोधन कसे होणार हेच त्यावर ठरते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल मानला आहे आणि डिजिटल माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक धरली आहे. जिल्हा परिषदेकडून आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडून परवानगी काढली म्हणजे पालकांची संमती मिळाली असे होत नाही. संमतीपत्र मराठीत, जतच्या कन्नडभाषक गावांत कन्नडमध्ये, आणि वाचता न येणाऱ्या आईला समोर बसून समजावून द्यावे लागते. मुलाची इच्छाही विचारात घ्यावी लागते. चार वर्षांचे मूल सही करणार नाही. ते मोबाईलकडे पाठ करून वाळूच्या ढिगाकडे गेले, तर त्याला परत आणून बसवायचे नाही. त्या दिवसापुरते त्याचे नाव निरीक्षणातून वगळायचे आणि नोंदवहीत वेळ लिहून ठेवायची.