शेपटीचे दाम आणि 64 ठोके

लांब पल्ल्याच्या घोडदौडीत, म्हणजे एण्ड्युरन्स रायडिंगमध्ये, घोड्याची निगा कशाने वाढली याचा माग काढायचा तर गोव्यापासूनच सुरुवात करावी. 1510 मध्ये आफोन्सो द आल्बुकर्कने गोवे घेतले आणि होर्मुझहून येणारी अरबी घोड्यांची जहाजे याच बंदराकडे वळवली. जुन्या गोव्यात भर रस्त्यावर घोड्यांची पावणी, म्हणजे लिलाव, होई. मोठे गिऱ्हाईक विजयनगर. फेर्नांव नुनीश या पोर्तुगीजाने तिथल्या आधीच्या शतकातल्या साळुव नरसिंह राजाविषयी लिहून ठेवले आहे की, घोडा समुद्रात मेला तरी व्यापाऱ्याने नुसती शेपटी आणून दाखवली की राजा पूर्ण दाम मोजत असे. घोडे येत राहावेत म्हणून हे ठीकच. पण मेल्या घोड्यालाही तोच भाव असेल, तर वाटेत त्याला वेळेवर पाणी पाजण्याची काळजी कोण करणार?

युरोपातल्या लष्करी शर्यतींत हेच वेगळ्या रूपात घडले. 1892 च्या बर्लिन-व्हिएन्ना दौडीत सुमारे 580 किलोमीटर अंतर होते आणि मान होता वेगाला. अनेक घोडे मेले, पहिला आलेला घोडाही वाचला नाही.

आजच्या खेळाची सुरुवात 1955 ची. कॅलिफोर्नियात वेंडेल रॉबी यांनी एका दिवसात 100 मैलांची, पुढे टेव्हिस कप म्हणून गाजलेली दौड सुरू केली. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते 1964 साल. त्या वर्षापासून पहिल्या दहांत येणाऱ्या घोड्यांपैकी सर्वांत ठणठणीत असेल त्याला हॅगिन कप मिळू लागला. पहिल्या नंबराइतकाच लोक त्याचाही मान करतात.

खरी करामत आहे ती वाटेतल्या तपासणी-नाक्याची. स्वार तिथे पोचला म्हणून त्याचे घड्याळ थांबत नाही. घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 64 वर उतरले की मगच त्याची वेळ धरतात. घोडा धापा टाकत आणला, तर दामटून कमावलेली मिनिटे तिथेच जातात. मदतनीस मानेवर, पायांवर पाणी ओतत राहतात. पशुवैद्य हिरडी अंगठ्याने दाबून तिचा गुलाबी रंग किती लवकर परततो ते पाहतो, मानेची कातडी चिमटीत धरून सोडतो, कुशीला नळी लावून आतड्यांचा आवाज ऐकतो. मग घोडा दुडक्या चालीने पळवून दाखवायचा. लंगडला की बाद, मग तो पहिला आलेला का असेना!

तरीही लोभ सुटला नाही. आखाती देशांतल्या सपाट वाळूत वेग फार वाढला, पाय मोडून घोडे मेले, आणि 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने संयुक्त अरब अमिरातीच्या महासंघाला निलंबित केले. 2020 पासून सक्तीची विश्रांती वाढवून नियम कडक झाले. अमिरातीतल्याच बूथिब इथे मात्र ताशी 20 किलोमीटरची वेगमर्यादा आणि 56 ठोक्यांची अट घालून, सुस्थितीतल्या घोड्यांना बक्षिसे देऊन शर्यती घेतल्या गेल्या. शेपटीचे दाम मोजण्याच्या अगदी उलट हा व्यवहार.

आपल्याकडे धोका वेगळा आहे. घोडा घामाने थंड होतो आणि गोव्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही. 2018 च्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेतल्या ट्रायनला उष्मा आणि दमटपणामुळेच ही दौड मध्येच रद्द करावी लागली. इथे कुणी अशी दौड घेणार असेल, तर ती थंडीच्या दिवसांत पहाटे सुरू करावी, अंतर कमी ठेवावे, थांबे लांबवावेत आणि ठोक्यांची मर्यादा 64 च्याही खाली आणावी. आणि सर्वांत मोठी रक्कम ठेवावी ती ठणठणीत घोड्यासाठी.